हार्टलपूलचें ‘त्रिंकोमाली’ : एका अस्सल साधनाची तपासणी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें बंदर आहे. तेथील एका जुन्या गोदींत तीन डोलकाठ्यांचें एक लढाऊ जहाज संग्रहालय म्हणून तरंगत ठेविलेलें आहे. त्याचें नांव ‘त्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदींत, मलबारच्या सागवानाचें, जमशेटजी बमनजी वाडिया ह्या मुख्य मिस्त्रींच्या देखरेखीखालीं तें बांधलें गेलें व १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत लोटलें गेलें. ही तारीख वाचतांच मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाचा हात आपोआप शकावलीकडे जाईल. शके १७३९ चें नवरात्र नुकतेंच बसलें होतें. आठवड्याभरानें पुण्यास पेशव्यांचा शेवटचा दसरा झाला, आणि जहाज पाण्यांत गेल्यापासून चोविसाव्या दिवशीं, ५ नोव्हेंबरास, खडकीच्या माळावर तोफा सुरू झाल्या. इंग्रजी आरमाराच्या जहाजांपैकीं आज पाण्यावर असलेलें सर्वांत जुनें जहाज तें हेंच. ‘व्हिक्टरी’ त्याहून वडील खरें, परंतु तें पोर्टस्मथच्या कोरड्या गोदींत आहे.

ह्या जहाजाविषयीं जें लिखाण माझ्या पाहण्यांत आलें तें दोन प्रकारचें आहे. एकांत शिडांच्या युगांतील इंग्रजी आरमाराचें कौतुक असतें. दुसऱ्यांत, म्हणजे आपल्याकडील लिखाणांत, ‘मुंबईचें जहाज दोनशें वर्षें टिकलें’ ह्या अभिमानापलीकडे लेखणी जात नाहीं. जहाजाकडे साधन म्हणून कोणी पाहत नाहीं. एखादा कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम कागद पाहतों, मग शाई, मग अक्षर, मग शिक्कामोर्तब. आणि मूळ मजकूर कोणता व मागाहून कोणी काय घुसडलें हें ठरविल्यावांचून त्यावर विसंबत नाहीं. हीच रीत मनांत धरून मी हार्टलपूलास गेलों व दोन दिवस त्या जहाजावर घालविले. तेथील मंडळींनीं मूळ प्रत फार चांगली राखली आहे, परंतु तिचें संपादन सदोष आहे, असें माझें मत झालें. तें कां, तें येथें सांगतों.

येथें कागद म्हणजे लांकूड. तोफांच्या मजल्यावरून खालीं उतरलें कीं उंच माणसास ताठ उभें राहतां येत नाहीं. डोक्याशीं जाड तुळया आणि दोन्ही बाजूंस बरगड्यांसारखीं वांकडीं लांकडें. सांगाड्यांतील बहुतेक सागवान मूळचें आहे, आणि त्यावर हात ठेवण्यास कोणी आडकाठी करीत नाहीं. नेपोलियनशीं चाललेल्या लढायांत इंग्लंडांत ओकची टंचाई पडली, म्हणून तेथील आरमारखात्यास मुंबईकडे वळावें लागलें. सागवानाच्या अंगीं तेल असतें. त्यामुळें तें सहसा कुजत नाहीं, व ओक जसा लोखंडी खिळ्यांस खातो तसें तें खात नाहीं. हें लांकूड हुकमी मिळावें म्हणून कंपनीनें १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन ह्यास मलबारच्या जंगलांवर नेमलें व सागवानाचा मक्ता आपल्या हातीं घेतला. तो मक्ता १८२३ सालीं उठला. म्हणजे ह्या तुळयांत मिस्त्रींचें कसब आहे तसा मलबारच्या लोकांचा बुडालेला व्यापारही आहे.

आपल्या दृष्टीनें ह्या लांकडाचें मोल आणखी एका कारणानें आहे. मराठ्यांच्या आरमारांतील एकही गुराब वा गलबत आज उभें नाहीं. तुळाजी आंगऱ्यांचीं जहाजें १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या खाडींत जळालीं. धुळपांच्या आरमाराचाही कागदावांचून मागमूस राहिला नाहीं. आपण त्या जहाजांविषयीं जें लिहितों तें पत्रांवरून, जमाखर्चावरून आणि थोड्या चित्रांवरून. पश्चिम किनाऱ्याच्या गोदींत सागवान कसें तासीत, तुळईचें टोंक बाजूच्या लांकडास कसें बसवीत, हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर आजमितीस हार्टलपूलचा रस्ता धरणें प्राप्त आहे. आराखडा परक्यांचा होता ही मर्यादा मात्र विसरतां कामा नये.

तो आराखडा मूळ इंग्रजांचाही नव्हे. १७८२ सालीं फ्रेंचांपासून पकडलेल्या ‘एबे’ ह्या जहाजाच्या नमुन्यावर इंग्रजांनीं ‘लीडा’ वर्गाचीं फ्रिगेट जहाजें काढलीं, त्यांपैकीं हें एक. बांधणीचा हुकूम १८१२ च्या ऑक्टोबरांत सुटला व आराखडे ‘जावा’ ह्या जहाजावरून मुंबईकडे रवाना झाले. २९ डिसेंबर १८१२ रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजानें ‘जावा’स गांठून जिंकलें व मागाहून जाळलें, त्यांत आराखडे गेले. आतां गंमत अशी कीं, ह्याच ‘जावा’वर मुंबईच्या फौजेचा नियुक्त सेनापति लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप हा प्रवास करीत होता. तो कैद झाला, वचनावर सुटून विलायतेस परतला, आणि पुढें मुंबईऐवजीं मद्रासेचा सेनापति होऊन हिंदुस्थानांत आला. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपुरास होळकरांच्या फौजेचा मोड करणारा, आणि १८१८ च्या फेब्रुवारींत थाळनेरच्या किल्लेदारास फांशीं देणारा हिस्लॉप तो हाच. आराखडे पुनः येऊन जहाजाचा कणा बसावयास १८१६ साल उजाडलें. एकाच जहाजावर अडकलेले सेनापति आणि आराखडे असे दोन्ही १८१७ च्या पावसाळ्यानंतर आपापल्या कामास लागले. इंग्लंडांतील प्रेक्षकास ही जोड सुचण्याचें कारण नाहीं. ती दाखविणें आपलें काम होतें, आणि आपण तें केलेलें नाहीं.

मूळ मजकूर येथवर झाला. ह्यापुढें दुसरे हात लागले आहेत. ३० एप्रिल १८१९ रोजीं जहाज पोर्टस्मथला पोंचलें आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तेथें नुसतें पडून राहिलें. १८४५ सालीं त्याची पिछाडी बदलून गोलाकार केली, तोफांची संख्या कमी करून त्या अधिक भारी केल्या. १८४७ ते १८५७ ह्या दहा वर्षांत काय ती त्याची खरी समुद्रसेवा, प्रथम वेस्ट इंडीजकडे व नंतर पॅसिफिकवर. आणि तींत एकही मोठी आरमारी लढाई नाहीं. १८९७ सालीं तें मोडीत निघालें असतां कॉब नांवाच्या एका धनिकानें विकत घेतलें. त्याचें ‘फूद्रॉयां’ हें जुनें जहाज त्याच वर्षीं ब्लॅकपूलच्या किनाऱ्यास लागून फुटलें होतें; त्याचें नांव त्यानें ह्यास दिलें. त्या नांवानें तें १९८६ पर्यंत मुलांना दर्यावर्दीपणाचें शिक्षण देत होतें. १९८७ सालीं हार्टलपूलास आणल्यावर दुरुस्ती सुरू झाली, १९९२ सालीं जुनें नांव परत मिळालें, आणि २००१ सालीं काम पुरें झालें.

आतां हिशेब करावा. लढाऊ जहाज म्हणून समुद्रावर दहा वर्षें. मुलांची शाळा म्हणून जवळजवळ नव्वद वर्षें. दुरुस्तींत मात्र लढाऊ रूप तेवढें पुढें आणलें गेलें आहे. कोणतें लांकूड १८१७ चें, कोणता फेरफार १८४५ चा, आणि कोणता भाग आपल्या हयातींतील सुतारानें बसविला, हें पाहणाऱ्यानें स्वतःच ताडावें लागतें. छापील पुस्तकांत पाठभेद तळटीपेंत देतात. येथें सर्व पाठ एकाच ठशांत छापल्यासारखे झाले आहेत. ह्याच वर्गाचें ओकचें जहाज ‘युनिकॉर्न’, १८२४ सालचें, स्कॉटलंडांत डंडी येथें आहे. त्यावर डोलकाठ्या कधीं चढल्याच नाहींत; छप्पर घालून तें जसें राखून ठेविलें तसेंच राहिलें. दिसावयास तें केविलवाणें आहे, आणि प्रेक्षक हार्टलपूलकडे अधिक वळत असल्यास नवल नाहीं. परंतु एकहातीं प्रत म्हणून तें सरस आहे. ज्यास दोन्ही पाहतां येतील त्यानें आधीं डंडीस जावें.

खरा दोष जहाजाच्या बाहेर आहे. गोदीच्या कडेनें अठराव्या शतकाच्या अखेरचें एक बंदर नव्यानें उभारलें आहे : दुकानें, घरें, फरसबंदी, सगळें १९९० नंतरच्या दशकांतलें. लहान मुलें तेथें फार रमतात, व तें पाहून मलाही बरें वाटलें. परंतु ज्या काळाचा हा देखावा आहे त्या काळीं हें जहाज जन्मलेंच नव्हतें. वॉटर्लूची लढाई होऊन दोन वर्षें लोटल्यावर तें पाण्यांत उतरलें. ह्या जहाजाचा हार्टलपूलशीं खरा संबंध आला तो १८६२ पासून सुमारें पंधरा वर्षें, राखीव नौसैनिकांच्या कवायतीसाठीं. आणि तें हार्टलपूल कोळशाचें, आगगाड्यांचें व आगबोटींचें होतें. तो संबंध साधा आहे, पण खरा आहे. तो सोडून हा देखावा उभारणें म्हणजे अस्सल पत्रास बखरीचें वेष्टण घालणें होय. बखरी आपणही वाचतों, आवडीनें वाचतों; पण त्या पत्रांच्या दप्तरांत बांधीत नाहीं.

आपल्या घरच्या बखरीही तपासल्या पाहिजेत. कणा बसवितांना वाडियांच्या परंपरेप्रमाणें चांदीचा खिळा ठोकला असें सांगतात. परंपरा खरी, परंतु तो खिळा सध्यां पाण्याखालीं, लांकडाच्या पोटांत. नाळेवर पागोटें घातलेल्या पौर्वात्य पुरुषाचा पुतळा आहे. पागोटें आहे एवढ्यावरून तो जमशेटजी ठरत नाहीं. मुंबईच्याच ‘मिंडेन’ जहाजावर अमेरिकेचें राष्ट्रगीत रचलें गेलें ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या आवडीनें सांगितली जाते; कवि त्या वेळीं तहाच्या निशाणाच्या एका अमेरिकन गलबतावर होता, हें त्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे. उलट, जें निर्विवाद आहे तें फारसें कोणी उच्चारीत नाहीं : मुंबईच्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ सालीं चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. लवजी नसरवानजी १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले तेव्हांपासून ह्या घराण्यानें जें कसब दाखविलें तें अलौकिक होतें, आणि तें सर्व मालकाच्या कामीं आलें. हीं दोन्ही विधानें एकत्र ठेवल्यावांचून ‘त्रिंकोमाली’ समजत नाहीं.

हार्टलपूलच्या उत्तरेस तीसएक मैलांवर टाईन नदी आहे. त्या नदीवरील कारखान्यांत १९४३ सालीं एका विमानवाहू जहाजाचा कणा बसला व २२ सप्टेंबर १९४५ रोजीं तें ‘हर्क्युलीस’ नांवानें पाण्यांत गेलें. भारतानें तें १९५७ सालीं घेतलें. ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें तें ‘विक्रांत’ म्हणून नौदलांत दाखल झालें. १९७१ च्या डिसेंबरांत कॉक्स बाजार व चितगांववर त्याच्या विमानांनीं केलेले हल्ले वाचकांस ठाऊक आहेत. (२०२२ सालीं दाखल झालेलें ‘विक्रांत’ तें निराळें.) ३१ जानेवारी १९९७ रोजीं जुन्यास निवृत्ति मिळाली, आणि २००१ पासून मुंबईंत त्याचें संग्रहालय झालें. मी तें एकदां पाहिलें आहे. विमानें ठेवण्याचा तो प्रचंड पोकळ मजला, विमानें वर नेणारा पाळणा, आणि तेलाचा न जाणारा वास ह्यांपलीकडे फारसें आठवत नाहीं, कारण पुनः येऊं, सावकाश टिपणें घेऊं, अशा समजुतीनें मी तेथून उतरलों. २०१२ सालीं जहाज धोक्याचें झालें म्हणून दारें बंद झालीं. २०१४ सालीं सुमारें साठ कोटि रुपयांस त्याचा लिलांव झाला, न्यायालयांतील दाद संपली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दारूखान्यास तोडणी सुरू झाली. मुंबईंत बांधलेलें लांकडी जहाज ज्या किनाऱ्यानें राखलें, त्या किनाऱ्यावर बांधलेलें पोलादी जहाज मुंबईंत मोडलें गेलें.

इंग्रज जतन करितात आणि आपण मोडतों, असें ह्यावरून म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. ट्राफलगारच्या लढाईंत फ्रेंचांकडून लढलेलें व पुढें कॉबच्याच देखरेखीखालीं राहिलेलें ‘इम्प्लॅकेबल’ इंग्रजांनीं खर्च झेपत नाहीं म्हणून २ डिसेंबर १९४९ रोजीं समुद्रांत नेऊन बुडविलें. त्या बुडविण्याची हळहळ पुढें पुष्कळ जहाजांच्या कामीं आली. इकडे विशाखापट्टणास ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ पासून किनाऱ्यावर उभी आहे व लोक रांगा लावून तींत शिरतात. तेव्हां हें काम आपल्याकडे होत नाहीं असें नाहीं. खारें पाणी लोखंडास खातें, आणि एवढें मोठें जहाज पोसण्याचा खर्च एखाद्या खात्याच्या आवांक्याबाहेरचा असूं शकतो, हेंही मान्य केलें पाहिजे.

‘विक्रांत’च्या लोखंडांतील कांहीं दुचाकी गाड्यांच्या कारखान्यांत गेलें. कांहींचें एक शिल्प करून तें २५ जानेवारी २०१६ रोजीं मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटाजवळ बसविलें. शिल्प म्हणून त्याची पारख कलाटीकाकार करोत. साधन म्हणून पाहिलें, तर ताम्रपट आटवून त्याच धातूचें भांडें घडविल्यासारखें तें आहे : धातु अस्सल, अक्षर एकही नाहीं. त्या गेटाच्या आंत जुनी मुंबई गोदी आहे. वाडियांची कर्मभूमि ती हीच.

आतां करावयाचें काम उघड आहे व तें फार खर्चाचें नाहीं. ज्या कोणास हार्टलपूलास जाणें घडेल त्यानें मोजपट्टी आणि विजेची बत्ती बरोबर न्यावी, परवानगी घेऊन खालच्या मजल्यावर उतरावें, आणि तुळयांचीं जाडी-रुंदी, दोन तुळयांमधील अंतर, सांध्यांचे प्रकार व खिळ्यांच्या जागा नोंदवाव्या. लांकडावर करवत्यांच्या किंवा सुतारांच्या खुणा दिसल्या तर त्यांचे ठसे घ्यावे. मी दोन दिवसांत डावीकडील आठ तुळयांपर्यंत पोंचलों.