‘दत्तक’ आणि ‘योग्य’ : एका वैद्यकीय प्रमाणपत्राची भाषा

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी हे दत्तक्षेत्र होय. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. अत्रि ऋषींना पुत्ररूपाने दिला गेला तो दत्तात्रेय. ‘दा’ धातूच्या याच रूपाला ‘क’ प्रत्यय लागून ‘दत्तक’ शब्द सिद्ध होतो. त्याचा सारा रोख दिलेल्या मुलाकडे आहे. घेणारा अनुच्चारितच राहतो.

धर्मशास्त्राची दृष्टीही बहुतांशी अशीच होती. कोणता मुलगा घ्यावा, एकुलता एक पुत्र द्यावा काय, याचा खल ‘दत्तकमीमांसे’सारख्या ग्रंथांत विस्ताराने आढळतो. घेणाऱ्याची मुख्य पात्रता मात्र ‘अपुत्र’ या एका शब्दात सामावे. म्हणजे उणीव हीच पात्रता! १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले व शाहू छत्रपती झाले, तेव्हाही प्रश्न गादीच्या वारसाचाच होता. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने घेणारा सज्ञान व शाबूत मनाचा असावा, अशी अट घातली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने पुढचे पाऊल टाकून भावी पालकांच्या शारीरिक सुदृढतेचाही उल्लेख केला. हा पालट स्वागतार्हच आहे. एकदा घर गमावलेल्या मुलावर ते पुन्हा गमावण्याची वेळ येऊ नये.

आमचा आक्षेप हेतूवर नसून शब्दयोजनेवर आहे. २०१७ च्या दत्तक विनियमांनी पालक शरीराने व मनाने ‘स्थिर’ असावेत असे म्हटले होते. २०२२ च्या विनियमांनी तेथे ‘सक्षम’ या अर्थाचा शब्द घातला. दोहोंतही जीविताला धोका असणारा आजार नसावा, एवढीच आजाराविषयीची अट आहे. परंतु सोबतच्या अनुसूचीत जे प्रमाणपत्र मागितले आहे, त्यात ‘दीर्घकालीन, सांसर्गिक किंवा प्राणघातक’ रोग नाही, असे वैद्याने लिहून द्यावयाचे आहे. येथील ‘किंवा’ लक्षात घेण्याजोगा आहे. त्यामुळे तीन विशेषणांपैकी प्रत्येक स्वतंत्रपणे अपात्रता ठरविते.

शिरोळ तालुक्यातील एखाद्या शिक्षिकेचा मधुमेह औषधाने पूर्ण ताब्यात आहे, असे समजा. विनियमानुसार ती पात्र आहे. प्रमाणपत्राच्या शब्दानुसार नाही, कारण मधुमेह दीर्घकालीन तर आहेच. प्रामाणिक वैद्य सही नाकारील. सहृदय वैद्य शब्दाकडे डोळेझाक करील. एकाच नियमाचे असे दोन निकाल लागावेत, हा दोष वैद्याचा नव्हे, वाक्याचा आहे.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. याच प्रमाणपत्रात व्यक्ती ‘दत्तक घेण्यास योग्य’ असल्याचेही वैद्याने सांगावे, अशी अपेक्षा आहे. रोग आहे की नाही, हे विधान वैद्यकाच्या कक्षेत येते. पालकत्वाची योग्यता हा मूल्यनिर्णय आहे. त्यासाठी सामाजिक कार्यकर्त्याने घरी जाऊन करावयाचा गृह-अभ्यास विनियमांतच सांगितला आहे. एकाच सहीखाली वर्णन आणि निर्णय एकत्र आले की निर्णयाला वर्णनाची निःशंकता उसनी मिळते.

म्हणून वैद्याला प्रश्न रोगाच्या नावाचा नव्हे, तर परिणामाचा विचारावा : या आजारामुळे मुलाच्या संगोपनात बाधा येईल काय, आणि किती? ‘दत्तक’ शब्दात अनुच्चारित राहिलेला घेणारा आज नियमांत उच्चारला गेला आहे. तो अचूक उच्चारला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.