लेखक-सूचीतील नावे : मुक्त ज्ञानकोशातील निवडीचा प्रश्न

मीर तकी मीर यांनी १७५२ मध्ये ‘निकातुश्शुअरा’ हा उर्दू कवींचा तज़किरा पूर्ण केला. कोणत्या कवीला जागा द्यावी आणि कोणाची बोळवण दोन शब्दांत करावी, हे मीर यांनीच ठरविले. त्या निवडीबद्दल जाब विचारायचा तर नाव समोर होते. मराठी विश्वकोशात ही जबाबदारी संपादक मंडळाकडे गेली. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर तज़किराकारही नाही आणि मंडळही नाही. तेथील साहित्यिकांच्या सूचीत कोणीही नाव घालू शकतो, कोणीही काढू शकतो. बदलांची नोंद राहते. बदलामागचे कारण लिहिलेले असतेच असे नाही.

मुस्लिम मराठी लेखकांच्या बाबतीत पहिला प्रश्न उपस्थित होतो तो कप्प्याचा. १९९० या एकाच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषविले आणि सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. एकाने दुसऱ्याला छेद दिला नाही. सूचीतही असेच व्हावयास हवे. स्वतंत्र सूची अभ्यासकाला उपयोगी पडते. मात्र तिच्यात गेलेले नाव मुख्य सूचीतून गळता कामा नये. ही भीती काल्पनिक नव्हे. २०१३ च्या एप्रिलमध्ये अमांडा फिलिपाची या कादंबरीकर्तीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दाखवून दिले की, इंग्रजी विकिपीडियावर स्त्री-लेखकांना ‘अमेरिकन कादंबरीकार’ या वर्गातून उचलून ‘अमेरिकन स्त्री कादंबरीकार’ या वर्गात टाकले जात होते. मूळ वर्गात उरले ते पुरुष. हेतू वर्गीकरणाचा असेल, परिणाम हकालपट्टीचा झाला.

शिवाय कप्पा ठरवायचा कशावरून? केवळ नावावरून ठरविणे हा आळस आहे. हयात व्यक्तीने स्वतः ती ओळख जाहीरपणे सांगितली असेल आणि तिच्या कार्याशी त्या ओळखीचा संबंध असेल, तरच तिला धर्माच्या वर्गात घालावे, असा इंग्रजी विकिपीडियाचा नियम आहे. दिवंगतांनाही तो लावून पाहावा. हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांना ‘मुस्लिम साहित्यिक’ म्हणावे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. मराठी कादंबरीकारांत त्यांना बसवायला ‘इंधन’ पुरे आहे.

अकारविल्हे लावतानाही घोटाळे होतात. आडनावाच्या नियमाने शाहीर अमर शेख ‘श’मध्ये जातात, ते ठीकच. पण ‘योगसंग्राम’कर्ते श्रीगोंद्याचे शेख महंमद? त्यांच्या नावातील ‘शेख’ हे आडनाव नव्हे, आदराची उपाधी आहे. यंत्रवत नियम लावला की ‘महंमद, शेख’ अशी नोंद होते आणि संतकवी भलत्याच अक्षराखाली जाऊन बसतो. उर्दू तज़किऱ्यांत कवी सहसा तखल्लुसाच्या अक्षराने लावीत. तेथे ही अडचण नव्हती.

राहता राहिला ‘उल्लेखनीयते’चा निकष. लेखकाशी हितसंबंध नसलेल्या विश्वासार्ह स्रोतांत त्याच्याविषयी पुरेसे लेखन झालेले असावे, असा त्याचा आशय आहे. पुस्तकांची संख्या येथे मोजली जात नाही. मानपत्र, प्रकाशकाचे पत्रक, सत्काराची बातमी यांवरही भागत नाही. निकष योग्यच आहे. तो नसता तर सूची म्हणजे ज्याने त्याने आपली पाटी लावण्याची भिंत झाली असती. पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मुंबई-पुण्याच्या नामांकित प्रकाशकाने काढलेल्या संग्रहाचे परीक्षण छापून येण्याची शक्यता अधिक. बेळगावात वा हैदराबादेत पदरमोड करून काढलेला संग्रह मित्रमंडळींत वाटला जातो आणि संपतो. अशा लेखकाचे नाव सूचीतून काढले गेले की आपल्याकडे पक्षपाताची ओरड होते. त्या लेखकावर गेल्या वीस वर्षांत कोणी चार पाने तरी लिहिली होती काय, हे मात्र विचारले जात नाही. ही चार पाने लिहिणे महाविद्यालयीन अध्यापकांचे काम आहे. ग्रंथाची प्रत हाती घेऊन, प्रकाशनवर्ष तपासून, गुणदोष सांगून लिहिलेले परीक्षण नियतकालिकात आले, तर स्रोत म्हणून ते दाखविता येते. अर्थात परीक्षणकर्ता लेखकाच्याच विभागातला असेल, तर समोरचा संपादक तेही नाकारील, आणि त्याला दोष देता येणार नाही.