‘८३ एक्स’ आणि माळावरचा चंडोल

पक्ष्यांचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घ्यावा, असा विषय निघाला की बोलणे लगेच आकड्यांवर येते. ५० एक्स, ६५ एक्स, ८३ एक्स, १२५ एक्स. आकडा जितका मोठा तितका पक्षी जवळ येणार, असे बहुतेकांनी धरलेले असते. उलट ज्यांच्या गळ्यात डीएसएलआर आहे त्यांना हे सारे खेळणे वाटते. आकड्यांना भुलणारे आणि नाक मुरडणारे, दोघांचेही म्हणणे शाळेतल्या प्रकाशशास्त्रावर घासून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी आठवी ते दहावीच्या पुस्तकाबाहेर फारसे जावे लागत नाही.

खिशात मावणारा साधा कॅमेरा आणि भिंगे बदलता येणारा डीएसएलआर यांच्यामधला पूल, म्हणून या मधल्या प्रकाराला ‘ब्रिज’ म्हणतात. त्याचे भिंग काढता येत नाही, पण ते विलक्षण लांबवता येते. कॅननचा एसएक्स ५० हा ५० एक्सचा कॅमेरा २०१२ साली आला, निकॉनचा पी ९००, म्हणजे ८३ एक्सचा, २०१५ मध्ये आणि १२५ एक्सचा पी १००० हा २०१८ मध्ये. चंद्रावरची विवरे घरच्या गच्चीवरून दाखवणाऱ्या चित्रफितींनी पी ९०० प्रसिद्ध झाला आणि पक्षीनिरीक्षकांनीही तो उचलला.

आता हे ८३ आले कुठून? या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर कमीत कमी ४.३ मिलिमीटर आणि जास्तीत जास्त ३५७ मिलिमीटर असते. ३५७ ला ४.३ ने भागले की ८३ येतात. बस्स, इतकेच! डोळ्याला दिसते त्याच्या ८३ पट मोठे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. याच हिशेबाने ६०० मिलिमीटर नाभीय अंतराचे, लाखो रुपयांचे स्थिर भिंग ‘१ एक्स’ ठरेल. खोक्यावरचा ‘२००० मिलिमीटर’ हा दुसरा आकडाही असाच फसवा आहे. ३५ मिलिमीटरच्या जुन्या फिल्मवर तेवढेच अरुंद दृश्य मिळवायला २००० मिलिमीटरचे भिंग लागले असते, एवढेच तो सांगतो. खरे नाभीय अंतर ३५७ च.

एक उदाहरण सोडवू. बीड जिल्ह्याच्या दक्षिण भागात बालाघाटाचे पठार आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या बाजूच्या मुरमाड माळांवर तुरेवाले चंडोल दिसतात. त्यांतला साइक्सचा चंडोल हा दख्खनच्या पठारावरचा खास पक्षी. दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध करणाऱ्या कर्नल साइक्स यांचे नाव त्याला मिळाले आहे. पश्चिमेला सह्याद्रीकडे त्याचा भाऊबंद मलबार चंडोल भेटतो. दोघांत फरक करायचा तर छातीवरच्या रेघा पाहाव्या लागतात: मलबारच्या छातीवर त्या ठळक आणि दाट, साइक्सच्या छातीवर बारीक आणि विरळ. पक्षी १४ सेंटिमीटरचा, रेघ एखाद-दोन मिलिमीटरची, आणि आपण उभे आहोत ६० मीटरवर.

प्रतिमेची लांबी म्हणजे वस्तूची लांबी गुणिले नाभीय अंतर भागिले वस्तूचे अंतर. डीएसएलआरला नेहमीचे ७०-३०० चे भिंग ३०० वर लावले, तर चंडोलाची प्रतिमा ०.७ मिलिमीटर लांब पडते. पी ९०० मध्ये ती पडते ०.८३ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ सारखीच! मग पडद्यावर ब्रिजचा चंडोल एवढा मोठा का दिसतो? कारण पी ९०० चा संवेदक अगदी लहान आहे, सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद, आणि त्याच्या एका ओळीत ४६०८ चित्रबिंदू कोंबलेले आहेत. नेहमीच्या २४ मेगापिक्सेलच्या डीएसएलआरमध्ये साडेतेवीस मिलिमीटर रुंदीत ६००० बिंदू असतात. त्यामुळे डीएसएलआरचा चंडोल सुमारे १८० बिंदूंचा होतो, तर ब्रिजचा सुमारे ६२० बिंदूंचा. भाकरी तेवढीच, एकीने चार चतकोर केले, दुसरीने बारीक चुरा.

पण प्रत्येक तुकड्याला प्रकाशही तेवढाच कमी मिळणार. नाभीय अंतराला एफ-अंकाने भागले की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ३०० भागिले ५.६ म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर, आणि ३५७ भागिले ६.५ म्हणजे ५५. चंडोलाकडून येणारा प्रकाश दोन्ही यंत्रे सारखाच गोळा करतात. ब्रिजमध्ये तो कितीतरी अधिक बिंदूंत वाटला जातो, म्हणून त्याच्या एका बिंदूच्या वाट्याला डीएसएलआरच्या बिंदूच्या साधारण अकराव्या भागाइतका प्रकाश येतो. भर उन्हात हे चालून जाते. झुंजूमुंजू झाल्यावर, बाभळीच्या सावलीत किंवा श्रावणातल्या ढगाळ दिवशी फोटोत रवाळपणा येतो तो यामुळे.

शिवाय ६२० बिंदू म्हणजे ६२० बारकावे नव्हेत. प्रकाश हा तरंग असल्याने विवर्तन होते, आणि ५५ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाला हिरव्या प्रकाशात ६० मीटरवरचे सुमारे पाऊण मिलिमीटरहून जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. (१.२२ गुणिले तरंगलांबी भागिले व्यास, हे सूत्र बारावीच्या मुलांनी वापरून पाहावे.) ब्रिजचा एकेक बिंदू मात्र पक्ष्याच्या अंगावरचा पाव मिलिमीटरहूनही लहान भाग टिपत असतो. म्हणजे तीन बिंदूंत एकाच बिंदूचे काम. डीएसएलआरची गोष्ट उलटी आहे. त्याचा एक बिंदू पक्ष्याच्या अंगावर जवळजवळ ०.८ मिलिमीटरचा असतो, आणि दोन रेघा वेगळ्या दिसायच्या तर किमान दोन बिंदू लागतात, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आतले हरवते. तेव्हा निवाडा असा: चांगल्या उजेडात, स्थिर हवेत, बसलेल्या पक्ष्याच्या बाबतीत ८३ एक्सचा ब्रिज ३०० च्या भिंगाला मागे टाकतो, पण साधारण दुपटीने. चंडोलाच्या छातीवरच्या रेघांसाठी ही दुप्पट मोलाची आहे. १५०-६०० चे मोठे भिंग डीएसएलआरला लावले की तिथेही ब्रिजची आघाडी संपते. मात्र तसले भिंग एकटेच सुमारे दोन किलोचे असते आणि अख्खा पी ९०० भरतो ९०० ग्रॅम. शाळा सुटल्यावर सायकलवरून तलावावर जाणाऱ्या शिक्षकाला हा फरक खांद्यावर कळतो.

या हिशेबात हवा आलेली नाही, आणि मराठवाड्यात ती विसरून चालत नाही. फेब्रुवारी सरला की सकाळी नऊ-दहापासूनच तापलेल्या माळावरची हवा थरथरू लागते. गरम-थंड हवेचे थर प्रकाशाला वेडेवाकडे वळवतात, आणि साठ मीटरवरचा चंडोल पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. अशा वेळी कितीही एक्स असले तरी ते या थरथरीलाच मोठे करतात. जाहिरातीत ही गोष्ट कुठेच येत नाही.

उडत्या पक्ष्यांचे काय? पूर्ण लांबवलेल्या पी ९०० ला ६० मीटरवर जेमतेम एक मीटर रुंदीची खिडकी दिसते. डीएसएलआरला ३०० वर पावणेपाच मीटरची दिसते. हिवाळ्यात ज्वारीच्या रानावरून जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी घ्या. मॉन्टेग्यूच्या नराच्या पंखावर आडवी काळी रेघ असते, पॅलिडच्या नराला ती नसते. ही रेघ पंख उघडला तरच दिसते, आणि एक मीटरच्या खिडकीत तो पक्षी सापडेपर्यंत बांधापलीकडे गेलेला असतो. इथे आरशातून थेट दिसणारे दृश्य, झटपट साधला जाणारा फोकस आणि एका दमात घेता येणारे अनेक फोटो यांमुळे डीएसएलआर सरस ठरतो. नवे डीएसएलआर आता फारसे निघत नाहीत, त्यांची जागा बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी घेतली आहे. त्यामुळे जुना, वापरलेला डीएसएलआर पुष्कळ स्वस्तात मिळतो, हे शाळांच्या पथ्यावरच पडते.

इथवर यंत्रांबद्दल झाले. माझा खरा आक्षेप आहे तो फोटो जोखण्याच्या आपल्या सवयीबद्दल. स्पर्धांत, दिनदर्शिकांत, भिंतीवरच्या तक्त्यांवर एकाच तऱ्हेचा फोटो चांगला ठरत आला आहे: पक्ष्याने चौकट भरलेली, पीस न् पीस मोजता येणारे आणि मागे सगळे धुरकट हिरवे. तो देखणा असतो, यात वाद नाही. पण त्यातून पक्षी कुठे होता, कशावर बसला होता, शेजारी कोण होते, यांतले काहीच कळत नाही. आजूबाजूचा माळ पुसून टाकलेला माळाचा पक्षी विज्ञानाच्या तासाला अर्धाच उपयोगी पडतो. ‘कोणत्या प्रश्नाचे उत्तर या फोटोतून मिळते?’ असे विचारले की पुष्कळ देखणे फोटो गप्प बसतात, आणि ब्रिजने काढलेला एखादा रवाळ फोटो बोलू लागतो.

एके काळी पक्ष्याचा पुरावा म्हणजे बंदुकीने मारून, पेंढा भरून ठेवलेले कातडे. आपल्याच राज्यातल्या वनपिंगळ्याची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. त्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ मधला. १९१४ चा म्हणून एक नमुना होता, पण तो मेइनर्ट्झहागेन या संग्राहकाने चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून तयार केला होता, असे पुढे उघड झाले. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ जिवंत वनपिंगळा दिसला. त्यांनी त्याला मारले नाही, चित्रफीत आणि फोटो घेतले. प्रश्न नेमका होता: हा गावोगावच्या कडुनिंबावर बसणारा साधा ठिपकेवाला पिंगळा तर नाही? वनपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. फोटोत तेवढे दिसणे पुरेसे होते. त्या फोटोला स्पर्धेत बक्षीस मिळाले असते की नाही, हा मुद्दाच नव्हता. आज ई-बर्डसारख्या नोंदसंग्रहातही अनपेक्षित नोंद आली की तपासनीस पुरावा मागतात, आणि धूसर पण खूण दाखवणारा फोटो तिथे चालतो.

पुराव्याचा विचार केला तर ब्रिजलाही एक बोल लावायलाच हवा. लहान संवेदकावरचा रवाळपणा झाकण्यासाठी कॅमेरा स्वतःच चित्र गुळगुळीत करतो आणि मग कडा ओढूनताणून ठळक करतो. बारीक रेघा पुसल्या जातात, कधी नसलेल्या उमटतात. पी ९०० मध्ये मूळ, असंस्कारित चित्र साठवण्याची सोयच नव्हती. पी १००० मध्ये ती आली. ज्याला छातीवरच्या रेघांवरून चंडोल ओळखायचा आहे, त्याच्या दृष्टीने एक्सपेक्षा ही सोय महत्त्वाची. दुसरा धोका अंतराचा. फार दूरवरून घेतलेल्या फोटोत मागेपुढे वीस मीटरवर असलेले दोन पक्षी शेजारी बसल्यासारखे दिसतात, त्यामुळे अशा फोटोवरून आकारांची तुलना करू नये.

मात्र लांबून फोटो घेता येणे ही ब्रिजची सर्वांत मोठी जमेची बाजू, आणि ती आपल्यापेक्षा पक्ष्याच्या फायद्याची आहे. टिटवी, माळटिटवी, धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. मे महिन्यात बीडकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टिटवी अंड्यांवर उभी राहून सावली धरते, पोटाची पिसे भिजवून आणून त्यांना गारवा देते. तीनशेच्या भिंगात पक्षी भरावा म्हणून कोणी पंधरा मीटरवर गेला की ती उठते आणि ओरडत घिरट्या घालते. माणसाला तेवढाच छान फोटो मिळतो, अंडी तापत राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे कॅमेरेवाल्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असे आपले शेतकरी म्हणतात. मुलांना हे पडताळायचे असेल तर साठ मीटरवरून, ज्वारी भरलेल्या पिशवीवर टेकवलेला ब्रिज कॅमेरा हेच योग्य साधन आहे. पाच-सात वर्षांच्या नोंदी झाल्या तर काही म्हणता येईल.

पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे, १९९४ सालचे, सुमारे तीस चौरस किलोमीटरचे. साहजिकच जिल्ह्यातले कॅमेरे मोराकडे वळतात. पण २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात मोर वाढताना दिसतो आणि मोकळ्या माळरानांचे पक्षी, तारांवर बसणारा नीलपंखसुद्धा, घटताना दिसतात. पिसारा फुलवलेल्या मोराचा आणखी एक फोटो काढण्यापेक्षा तारेवरच्या नीलपंखाचे दर महिन्याला, एकाच रस्त्यावर काढलेले साधे फोटो अधिक कामाचे आहेत.

दोन्ही कॅमेरे बरोबर नेणार असाल तर निघण्यापूर्वी त्यांची घड्याळे मिनिटाला मिनिट जुळवून घ्यावीत, म्हणजे नोंदवहीशी दोन्हींचे फोटो लावता येतात. भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरताना डीएसएलआरने रुंद फोटो घ्यावा आणि छापील प्रतीवर चौकोन आखून मुलांकडून मोजून घ्यावा. ब्रिजने त्याच थव्यातले बसलेले दहा-वीस पक्षी टिपावेत, म्हणजे त्यांत गुलाबी अंगाचे मोठे किती आणि मातकट रंगाची पहिल्या वर्षाची पिल्ले किती, ते कळते.

आणि वरचे हिशेब माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नयेत. कागदावर १ मिलिमीटर, दीड मिलिमीटर आणि २ मिलिमीटर रुंदीच्या काळ्या-पांढऱ्या रेघांचे पट्टे आखा, शाळेच्या भिंतीवर चिकटवा, मैदानावर साठ मीटर मोजा आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो घ्या, एकदा सकाळी सातला, एकदा दुपारी एकला. दुपारच्या फोटोत रेघा शोधण्याआधी कागदाच्या कडा सरळ दिसतात का, तेवढे पाहा.