पॅनलवरचा आकडा आणि टॉर्चचं टोक

वेल्डिंग टॉर्च डावी-उजवी हलवणाऱ्या ऑसिलेटरवरचे पेपर वाचायला घेतलेत, तर आधी निष्कर्ष वाचू नका. प्रयोगाचा तक्ता उघडा. मी वाचलेल्या बऱ्याच पेपरांत तीन रकाने असतात: ॲम्प्लिट्यूड, फ्रिक्वेन्सी आणि ड्वेल, म्हणजे काठावर थांबायचा वेळ. एकेक बदलायचा आणि वेल्डचा कडकपणा मोजायचा. दिसायला एकदम चोख. माझी तक्रार नेमकी त्याबद्दलच आहे.

आकडे घेऊनच बघू. टॉर्च पुढे मिनिटाला १२० मिमी, म्हणजे सेकंदाला २ मिमी सरकतेय. फ्रिक्वेन्सी १ हर्ट्झ, हालचाल मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४-४ मिमी. एका फेरीत टॉर्च आडवी १६ मिमी जाते. म्हणजे टोकाचा आडवा वेग पुढच्या वेगाच्या आठपट! आता फ्रिक्वेन्सी २ हर्ट्झ करा. आडवा वेग दुप्पट झाला आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर २ मिमीवरून १ मिमीवर आलं. बटण एकच फिरवलंत. मग कडकपणा बदलला तो नक्की कशामुळे?

ड्वेलचा घोळ आणखी वेगळा. दोन्ही काठांवर ०.२ सेकंदाचा थांबा दिला, तर तो त्या एका सेकंदातच धरायचा की वर मिळवायचा? वर मिळवला तर फेरी १.४ सेकंदांची आणि अंतर २.८ मिमी. पेपरात हे लिहिलेलं नसेल तर तो प्रयोग तुम्हाला परत करता येणार नाही. व्ही-ग्रूव्हच्या भिंती नीट वितळाव्यात, काठाला अंडरकट राहू नये, यासाठीच तर हा थांबा असतो.

'हीट इनपुट सारखाच ठेवला' हे वाक्यही जपून वाचा. व्होल्टेज गुणिले करंट भागिले पुढचा वेग, या सूत्रात आडवी हालचाल कुठेच नाही. वाक्य सरासरीपुरतं खरं असतं. पण दर फेरीत आर्क मध्यावरून दोनदा झपकन जातो आणि प्रत्येक काठावर एकदाच, थांबून. मध्य आणि काठ एकाच पद्धतीने थंड कसे होतील? शिवाय मिग वेल्डिंगच्या स्थिर व्होल्टेजच्या मशीनवर टॉर्च ग्रूव्हच्या भिंतीजवळ गेली की करंट वाढतो. डाव्या-उजव्या करंटची तुलना करून सांध्याचा मध्य शोधणारी सीम ट्रॅकिंग यंत्रणा याच फरकावर चालते. आणि आपण तक्त्यात काय छापतो? करंटची सरासरी.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी, पॅनलवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. आमचा ऑसिलेटर टॉर्च सरळ सरकवत नाही, लंबकासारखी झुलवतो, त्यामुळे सेटिंग अंशांत. झुलण्याच्या बिंदूपासून टोक १५० मिमीवर असेल तर ३ अंशांत ते जवळपास ८ मिमी हलतं; २०० मिमीवर असेल तर साडेदहा. दोन दिवसांत टॉर्च क्लॅम्पमध्ये वेगवेगळ्या लांबीवर बसवली गेली, सेटिंग तेच राहिलं. सरांनी बीडची रुंदी मोजायला सांगितली तेव्हा उलगडा झाला. १८ प्लेट्सपैकी ९ बाद, आणि त्यांच्यावर उभा केलेला एक छान आलेखही.

आता वेल्डिंगला बसण्याआधी वायरच्या टोकाच्या जागी पेन्सिल बांधते आणि आर्क न पेटवता भंगार प्लेटवर एक नागमोडी रेघ काढून ती पट्टीने मोजते. पाच मिनिटं लागतात. त्या रेघांचे फोटो थिसिसच्या परिशिष्टात टाकायचेत. सरांना ते फालतू वाटतात, आमचा वाद चालू आहे.