सीमेवरील संभाषण : ग्राहकजाल व सेवाजाल ह्यांमधील मार्गसंकेताची निवड

दोन संगणकजाले जेथे एकमेकांस भेटतात, तेथे कोणता पत्ता कोणत्या वाटेने गाठावा हे परस्परांस कळविण्याचा काही संकेत ठरवावा लागतो. तंत्रज्ञ त्यास राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. येथे सोयीसाठी ‘मार्गसंकेत’ हा शब्द योजला आहे. ग्राहकाचे जाल व सेवादात्याचे जाल ह्यांच्या सीमेवर कोणता मार्गसंकेत असावा, ह्याचे प्रमाणभूत विवेचन एरिक रोझेन व याकोव्ह रेख्टर ह्यांच्या २००६ मधील ‘आरएफसी ४३६४’ ह्या दस्तऐवजाच्या सातव्या प्रकरणात आढळते. स्थिर मार्ग, आरआयपी, ओएसपीएफ व बीजीपी असे चार पर्याय मांडून लेखकांनी आपला कौल बीजीपीच्या बाजूने दिला आहे. हा कौल योग्यच आहे. तथापि त्याची कारणमीमांसा अपुरी आहे.

लेखकांची कारणे बव्हंशी सोयीची आहेत. बीजीपी वापरल्यास सेवादात्याच्या राउटरला अनेक मार्गगणना स्वतंत्रपणे चालवाव्या लागत नाहीत. मार्गासोबत त्याचे गुणधर्मही कळविता येतात. आणि भिन्न व्यवस्थापनांच्या जालांमध्ये निरोप नेणे हेच त्याचे मूळ प्रयोजन होय. ह्यांतील शेवटचे कारण खरे मर्माचे आहे. परंतु ते एका वाक्यात आटोपले आहे. ते उलगडण्यास भाषाशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो.

मराठीत ‘पूल वाहून गेला’ आणि ‘पूल वाहून गेला म्हणे’ ही विधाने एकच वार्ता देतात, पण बोलणाऱ्याची जबाबदारी भिन्न असते. पहिल्यात ती त्याने स्वतः पत्करलेली असते. दुसऱ्यात वार्ता ऐकीव ठरते. मार्गसंकेतांची वर्गवारी ह्याच कसोटीवर लावता येते. ओएसपीएफमध्ये एका विभागातील प्रत्येक राउटर केवळ स्वतःस जोडलेल्या दुव्यांविषयी बोलतो. ते विधान जसेच्या तसे विभागभर पसरते आणि सर्व राउटर एकाच नकाशावरून आपापली गणना करतात. ही प्रत्यक्षदर्शीची साक्ष होय. आरआयपी अंतर सांगते, पण वार्ता कोणाकोणाकडून आली हे सांगत नाही. ते निनावी ‘म्हणे’ आहे. बीजीपीही ऐकीवच सांगते, पण सांगणाऱ्यांची परंपरा नावानिशी जोडून. वार्ता ज्या स्वायत्त जालांतून आली त्यांचे क्रमांक तिच्यासोबत येतात, आणि त्यांत आपलाच क्रमांक दिसला की राउटर ती फेटाळतो.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. साक्ष घरात चालते, कारण घर सर्वांचे एकच असते. उंबरठ्यावर मात्र काय सांगावे व काय राखावे ह्याचा विवेक लागतो. ओएसपीएफला एकाच विभागात असा विवेक करता येत नाही. तेथे नकाशा सर्वांस सारखाच असावा लागतो.

ह्याचा पुरावा त्याच वर्षीच्या ‘आरएफसी ४५७७’ मध्ये मिळतो. ग्राहकाच्या दोन कचेऱ्यांमधील ओएसपीएफ सेवादात्याच्या जालातून नेण्याची युक्ती त्यात सांगितली आहे. सेवादाता आत बीजीपी बोलतो; त्यामुळे ग्राहकाचेच मार्ग पलीकडे ‘परके’ होऊन उतरले असते. ते टाळण्यासाठी मार्गाचा मूळ प्रकार बीजीपीच्या निरोपात बांधून न्यावा लागतो, निरोप फिरून पुन्हा आत शिरू नये म्हणून त्यावर खूण करावी लागते, आणि दोन कचेऱ्यांमध्ये ग्राहकाचा खाजगी दुवा असल्यास सेवाराउटरांमध्ये एक लटका दुवाही कल्पावा लागतो. रचना चतुर आहे; परंतु ऐकीव वार्तेला घरच्या साक्षीचे रूप देण्यासाठी एवढा खटाटोप लागावा, हीच त्या निवडीवरील टीका होय.

बीजीपी निर्दोष आहे असे मात्र नव्हे. ते सांगणाऱ्यांची नावे देते, वार्तेच्या सत्यतेची हमी देत नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशात बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांतील एका लहान गटाचा मार्ग स्वतःकडे असल्याचे घोषित केले. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू ह्या सेवादात्याने ती घोषणा न पारखता पुढे पाठविली. लहान गटाची घोषणा मोठ्या गटाच्या घोषणेवर मात करते, ह्या नियमामुळे यूट्यूब जगभर सुमारे दोन तास दुर्लभ झाले. हा प्रकार सार्वजनिक इंटरनेटवर घडला. खाजगी जालात हानी त्या ग्राहकापुरतीच राहिली असती. तरी बोध तोच. २०१७ च्या ‘आरएफसी ८२१२’ ने तो नियमात आणला : धोरण स्पष्टपणे लिहिल्याखेरीज स्वायत्त जालांच्या सीमेवर बीजीपीने काहीही स्वीकारू नये व काहीही सांगू नये.

हा विचार केवळ महानगरांपुरता नाही. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमास मान्यता दिली. तालुका व ग्रामपंचायत ह्या स्तरांवर राउटर बसवून ती वलयाकार तंतुमार्गाने जोडावी, अशी त्याची रचना आहे. मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावी एखादी शाळा वा बँकेची शाखा अशा जालास जोडली गेली, तर तिने काय निवडावे? वलय हे सेवादात्याचे अंतर्गत रक्षण होय. ग्राहकाचा दुवा एकच असेल तर दुसरी वाटच नसते, आणि म्हणून सांगण्यासारखेही काही नसते. तेथे स्थिर मार्ग पुरेसा आहे. दुसऱ्या सेवादात्याचा दुवा घेतला की मात्र स्थिर मार्गाची उणीव उघडी पडते : जवळचा दुवा शाबूत राहून पुढे कोठे बिघाड झाला, तर तो त्यास कळत नाही. तेथे बीजीपी हवे, आणि दोन्ही बाजूंस गाळणीही हवी.

बीजीपी ग्राहकाच्या व्यवस्थापकांस नवखे वाटेल, हा आक्षेप रोझेन व रेख्टर ह्यांनी स्वतःच नोंदविला आहे. जानेफळी तो सर्वाधिक लागू पडेल. पण त्याचे उत्तर ग्राहकास घरगुती बोलीत सीमेवर उभे करणे हे नव्हे. सीमेची भाषा अवघड असेल, तर ती सोपी करून देण्याचा व ऐकलेले पारखून घेण्याचा भार ज्याच्यापाशी ज्ञान अधिक आहे त्याच्यावर, म्हणजे सेवादात्यावर पडतो. मूळ दस्तऐवजाच्या तुलनेत ह्या कर्तव्याला स्वतंत्र स्थान मिळावयास हवे होते.