पाहण्याची शिस्त आणि सिद्धान्ताची भाषा : बडोद्याचा कला-इतिहास व मराठी सौंदर्यविचार

भारतीय विद्यापीठांत कलाविषयक सिद्धान्त दोन वेगळ्या वाटांनी आला. एक वाट तत्त्वज्ञान व साहित्य या विभागांची. सौंदर्य म्हणजे काय, कलानुभवाचे स्वरूप कोणते, कलाकृतीची स्वायत्तता कशात असते, हे तिचे प्रश्न. दुसरी वाट वस्तूंची. ही मूर्ती कोणाची, कोणत्या काळातील, तिची घडण अशीच का, येथून ती आरंभ करते आणि तेथून सिद्धान्ताकडे जाते. मराठीत पहिल्या वाटेवर मोलाचे काम झाले. दुसऱ्या वाटेवरील विद्यापीठीय अभ्यास मात्र प्रामुख्याने मराठीबाहेर घडला, आणि त्याचे एक महत्त्वाचे केंद्र मराठी राजवटीचा वारसा लाभलेले बडोदे हे होते. या दोन वाटा एकमेकींस का भेटल्या नाहीत, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासालाही टाळता येण्याजोगा नाही.

कला-इतिहास ही आधुनिक विद्याशाखा जर्मन भाषिक प्रदेशांत आकारास आली. हाइनरिख व्योल्फ्लिन यांचा शैलीविषयक मूलतत्त्वांचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन चित्रे पडद्यावर शेजारी ठेवून त्यांतील भेद शब्दांत मांडण्याची अध्यापनपद्धती त्यांच्या नावाशी जोडली गेली आहे. म्हणजे तुलना ही या शाखेत नंतर जोडलेली बाब नाही. पाहणे शिकविण्याची ती मूळ रीतच आहे. व्हिएन्नात घडलेल्या स्टेला क्रॅमरिश रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात आल्या आणि पुढे १९५० पर्यंत कलकत्ता विद्यापीठात शिकवीत राहिल्या. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रविषयक भागाचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १९२४ चे. या खंडाच्या आरंभी वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्तिविद्या मागतो. तेव्हा मूर्तीसाठी चित्र, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत जाणले पाहिजे, असे त्याला सांगितले जाते. पुढे त्याच खंडात छंद, व्याकरण आणि अलंकार यांचीही चर्चा येते. कलांचा परस्परसंबंध येथे सिद्धान्ताचा परिशिष्टवजा भाग नसून त्याचा पाया आहे. युरोपीय पद्धतीत तयार झालेल्या एका अभ्यासिकेने या ग्रंथाकडे वळावे, हे म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेसारख्या वसाहतकालीन संस्था त्याआधी सुमारे शतकभर कार्यरत होत्या. परंतु त्यांचा उगम हस्तकौशल्याच्या शिक्षणात होता. बडोद्यातील प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की, चित्रकार, शिल्पकार आणि कला-इतिहासाचा विद्यार्थी हे एकाच विद्याशाखेत आले. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्या कार्यशाळांच्या शेजारीच कला-इतिहास व सौंदर्यशास्त्र यांचे वर्ग भरू लागले. रतन पारिमू यांनी दीर्घकाळ या विभागाचे नेतृत्व केले. रंग वाळण्याआधीच त्याविषयीचा वाद सुरू व्हावा, अशी ही रचना होती. सिद्धान्त शिकणाऱ्याला वस्तूपासून पळ काढता येत नव्हता आणि वस्तू घडविणाऱ्याला सिद्धान्तापासून.

या शिस्तीत नेमके काय शिकविले जाते, हे घारापुरीच्या मुख्य लेण्यातील प्रसिद्ध त्रिमुखी शिल्पावरून स्पष्ट करता येईल. त्यास दीर्घकाळ ‘त्रिमूर्ती’ म्हटले गेले. ब्रह्मा, विष्णू आणि महेश ही त्रयी परिचित असल्यामुळे तीन मुखे दिसताच ते नाव चिकटले. वर्णनाची पहिली पायरी प्रामाणिकपणे ओलांडली, तर मात्र हे नाव टिकत नाही. प्रेक्षकाच्या डावीकडील मुख उग्र, मिशा असलेले, हाती सर्प धरलेले आहे. उजवीकडील मुख कोमल, स्त्रीसदृश, हाती कमळ असलेले. मधले मुख शांत व अंतर्मुख. ही लक्षणे तीन देवांची नसून एकाच शिवाच्या तीन रूपांची आहेत, असे शैव परंपरेच्या आधारे अभ्यासकांनी दाखविले. पाहिलेल्याचे वर्णन, मग संहितांच्या साहाय्याने ओळख, आणि त्यानंतर सांस्कृतिक अर्थाचा शोध, हा क्रम एर्विन पानोफ्स्की यांच्या १९३९ च्या प्रतिमाविद्याविषयक मांडणीशी जुळतो. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, संहिता आवश्यक असली तरी ती पहिली येत नाही. ती पहिली आली, तर डोळ्यांना आधीच ठाऊक असलेलेच दिसते. साहित्याच्या अभ्यासकास, ज्याची सवय संहितेपासून आरंभ करण्याची असते, हा धडा काहीसा अवघड जातो.

बडोद्याच्या या सान्निध्याचे साहित्यिक फलितही आहे. मुंबईहून आलेले सनदी लेखापाल भूपेन खख्खर १९६२ मध्ये बडोद्यात दाखल झाले ते कला-समीक्षेच्या अभ्यासक्रमासाठी. पुढे ते भारतीय चित्रकलेतील एक निर्णायक नाव ठरले आणि गुजरातीत कथा व नाटकही लिहीत राहिले. गुलाममोहम्मद शेख हे चित्रकार, कला-इतिहासाचे अध्यापक आणि ‘अथवा’ (१९७४) या संग्रहाचे गुजराती कवी. या दोघांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ हे नियतकालिक चालविले. त्याच विद्यापीठात सुरेश जोशी गुजराती आधुनिकतेची सैद्धान्तिक बैठक घालीत होते. खख्खर यांचे ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१) हे चित्र पाहिले, तर बाप, मुलगा आणि गाढव यांच्या नीतिकथेतील अनेक क्षण एकाच चौकटीत मांडलेले दिसतात, आणि सज्जात उभा असलेला एक नग्न पुरुष ते पाहत असतो. सिएनाची जुनी भित्तिचित्रे आणि भारतीय लघुचित्रे यांतील कथनरीतींचा परिचय या रचनेमागे आहे. कला-इतिहास येथे केवळ परीक्षेचा विषय राहिला नाही; तो कथा सांगण्याचे साधन झाला.

मराठीकडे वळल्यास चित्र वेगळे दिसते. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सर्व कलांना लागू व्हावीत, अशी त्यांची धारणा होती. संवेदनांच्या पातळीवरून आरंभ करणारा हा विचार चित्र-संगीताच्या अगदी जवळ जातो. तरीही या विचाराचा रोख विशिष्ट चित्राकडे नसून तत्त्वाच्या व्याप्तीकडे आहे. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाने लौकिकतावादी व अलौकिकतावादी या दोन ध्रुवांमधील ताण असामान्य तर्कशुद्धतेने उलगडला. पण तेथेही प्रश्न संकल्पनांच्या तर्कशास्त्राचा आहे. हा दोष म्हणून नोंदविणे अन्यायाचे ठरेल, कारण तत्त्वज्ञानाचे ते कर्तव्यच आहे. मात्र मराठीत सौंदर्यशास्त्राची चर्चा प्रामुख्याने साहित्याच्या आवारात झाल्यामुळे ‘कला’ या शब्दामागे बहुधा कविताच उभी राहिली, आणि चित्र व शिल्प उदाहरणापुरते उरले.

यावर असा आक्षेप संभवतो की, मराठीत दृश्यकलेचा विचार झालाच नाही, हे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही. हा आक्षेप योग्य आहे. द. ग. गोडसे यांच्या ‘पोत’ (१९६३) आणि ‘शक्ती सौष्ठव’ (१९७२) या पुस्तकांत चित्रकाराची नजर व इतिहासाचे भान एकत्र आले आहे. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे चित्रकाराने स्वतःच्या निर्मितिप्रक्रियेचे केलेले मराठीतील दुर्मीळ चिंतन आहे. अरुण कोलटकर यांच्यासारखा कवी जाहिरातकलेच्या व्यवसायात होता. परंतु ही भेट विद्यापीठाबाहेर, व्यक्तींच्या प्रतिभेतून घडली. प्रतिभा वारशाने देता येत नाही. शिस्त देता येते. बडोद्यात एका पिढीचा वाद पुढच्या पिढीचा पाठ झाला. गोडसे यांची नजर मात्र बव्हंशी गोडसे यांच्यापाशीच राहिली.

म्हणून मराठी समीक्षेच्या परिभाषेकडे पुन्हा पाहणे उद्बोधक ठरते. घाट, पोत, वीण, घडण, ठसा हे शब्द कवितेविषयी सर्रास वापरले जातात. त्यांचे मूळ भांड्यात, वस्त्रात, मागावर आणि साच्यात आहे. साहित्यसमीक्षेने हे शब्द कारागिरीकडून घेतले. ते वस्तूंकडे परत पाठविले नाहीत. पोत म्हणजे ताण्याबाण्याचा दाटपणा, विरळपणा, स्पर्श आणि प्रकाश यांतून सिद्ध होणारा गुण. कवितेच्या पोताविषयी बोलणाऱ्याने पैठणीचा किंवा अजिंठ्याच्या भिंतीवरील रंगलेपाचा पोत कधी न्याहाळला नसेल, तर त्या शब्दातील ज्ञान हळूहळू आटते आणि उरते ते केवळ प्रशंसेचे विशेषण.

बडोद्याचा आदर्शही निर्दोष नाही. तेथील कलाकारांनी गुजरातीत कविता, कथा, नाटक लिहिले. वर्गातील सिद्धान्ताची भाषा मात्र मुख्यत्वे इंग्रजी राहिली. परिणामी भारतीय कला-इतिहासाची परिभाषा देशभर समान झाली, पण देशी भाषांतील वस्तुज्ञान तिच्यात अल्प प्रमाणातच उतरले. एका बाजूस शिस्त आहे आणि भाषा परकी आहे. दुसऱ्या बाजूस भाषा समृद्ध आहे आणि तिला वस्तूंची शिस्त नाही. दोन्हींची उणीव परस्परपूरक असल्यामुळे एकीचा उपाय दुसरीत शोधावा लागतो.

तौलनिक साहित्याने आजवर भाषा-भाषांमधील सीमा ओलांडल्या. शब्द आणि वस्तू यांमधील सीमा ओलांडताना तो बहुधा ‘कवितेतील चित्र’ या विषयापाशी थांबतो. मार्कंडेयाने वज्रास दिलेले उत्तर याहून अधिक मागते: एका कलेच्या ज्ञानाची अट दुसरी कला आहे. भाषा विभागातील संशोधकाने वर्षातून काही दिवस तरी लेण्यात, संग्रहालयात किंवा मागापाशी उभे राहून दिसते त्याचे वर्णन मराठीत लिहावे, आणि सिद्धान्त त्यानंतर उच्चारावा, एवढी साधी अट पाळली गेली तरी मर्ढेकरांची लय आणि गोडसे यांचा पोत यांची परीक्षा प्रथमच वस्तूंसमोर घेता येईल. त्या परीक्षेत काही संज्ञा टिकणार नाहीत. ज्या टिकतील, त्या मराठीबाहेरील अभ्यासकांनाही उपयोगी पडतील.