गाळलेला खर्ज

काही संगीत पहिल्याच भेटीत आपलेसे करते. काही मात्र श्रोत्याला उंबरठ्यावर ताटकळत ठेवते. मेटॅलिका या अमेरिकन बँडचा १९८८ सालचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ हा आल्बम या दुसऱ्या जातीचा. नऊ गीते, सुमारे पासष्ट मिनिटे. प्रथमश्रवणी हाती लागतो तो कोरडा खडखडाट. गिटारी करवतीसारख्या चालतात, ड्रमचे आघात रिकाम्या लाकडी पेटीवर पडावेत तसे येतात आणि गाणे आता संपले असे वाटावे तिथे ते नवे वळण घेते. पहिल्या खेपेस मी तो अर्ध्यावर बंद केला होता. आज या बँडच्या साऱ्या निर्मितीत मला तोच सर्वांत जवळचा वाटतो. अशा वेळी समीक्षकाने स्वतःला एक अडचणीचा प्रश्न विचारायला हवा. ही आवड वाढली, की कानाला नुसती सवय झाली? गिरणीशेजारी राहणाऱ्यालाही भोंग्याची सवय होते. म्हणून कोणी भोंग्याला संगीत म्हणत नाही.

सवय कान बोथट करते. या आल्बमच्या बाबतीत मात्र दर खेपेस कान अधिक तीक्ष्ण होतो. ‘वन’ या गीताचेच पाहा. डाल्टन ट्रम्बो यांच्या १९३९ सालच्या ‘जॉनी गॉट हिज गन’ या कादंबरीतील सैनिकाचे हात, पाय, चेहरा, दृष्टी, श्रवण आणि वाचा हे सारे पहिल्या महायुद्धाने हिरावून घेतले आहे. उरली आहे ती केवळ जाणीव. गीत हळुवार गिटारने सुरू होते आणि उत्तरार्धात ड्रम व गिटारी एकाच ठोक्यात फैरी झाडू लागतात. मशीनगनचे हे अनुकरण कोणाच्याही ध्यानी येईल. पण कादंबरीतील तो सैनिक उशीवर डोके आपटून तारायंत्राच्या सांकेतिक भाषेत जगाशी बोलू पाहतो. पाचव्या-सहाव्या श्रवणी मला त्या फैरींतून हे डोके आपटणे ऐकू येऊ लागले. मारणारा आणि मरू न शकणारा यांचा ताल एकच असावा, हे सुचवायला शब्दांची गरजच उरली नाही.

तरीही या आल्बमचे खरे मर्म त्यात जे नाही त्यात आहे. बँडचा बास गिटारवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बस उलटून मरण पावला. तो अवघा चोवीस वर्षांचा होता. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. त्याने आपला भाग वाजवला. परंतु अंतिम मिश्रणात बास जवळजवळ ऐकूच येत नाही. चर्चमध्ये चार आवाजांत गाणारा गायनवृंद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही पोकळी सांगावी लागणार नाही. बासचे पुरुष गप्प बसले की भजन अधांतरी लोंबकळते. शोक व्यक्त करण्यासाठी ही योजना केली होती, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. बास खाली करण्याची सूचना बँडकडूनच आली, असे मिश्रणकार स्टीव्ह थॉम्पसन यांनी पुढे सांगितले आहे. नव्या माणसावर तो अन्यायच होता, आणि तोही शीर्षकात न्यायाचे नाव असलेल्या आल्बमवर! पण कलाकृतीत हेतूपेक्षा अधिक काही उतरते. सवयीने ही उणीव बुजायला हवी होती. प्रत्यक्षात प्रत्येक श्रवणी ती अधिक जाणवते.

‘टू लिव्ह इज टू डाय’ या जवळजवळ दहा मिनिटांच्या रचनेत ती सर्वाधिक जाणवते. बर्टनने मागे ठेवलेल्या सुरावटींतून ही रचना बांधली आहे. गायन नाही. त्याच्या नावावर दिलेल्या चारच ओळी जेम्स हेटफिल्ड बोलून दाखवतो, आणि त्यांचा शेवट तारणाच्या राज्यात घरी नेण्याच्या याचनेत होतो. ज्या वाद्यावर बर्टनचे नाव कोरलेले, तेच वाद्य त्याच्या स्मरणरचनेत मुके आहे.

सारेच श्रवणाने सुधारत नाही. ‘द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी’ मला आजही लांबलेले वाटते. पावणेदहा मिनिटांच्या शीर्षकगीतात मात्रांचे हिशेब पुरेपूर आहेत, श्वास कमी आहे. बँडलाही ते पटले असावे, कारण त्यांनी ते गीत बरीच वर्षे मैफलींतून वगळले. १९९१ च्या पुढच्या आल्बममध्ये गीते आटोपशीर झाली, बास भरघोस आला आणि श्रोते कितीतरी पटींनी वाढले. तो आल्बम पहिल्याच श्रवणी आवडतो. माझ्यापुरता तो तिथेच थांबतो.

२०१८ मध्ये ‘जस्टिस’ची नवी आवृत्ती निघाली. ध्वनी घासूनपुसून घेतला, पण बास वर आणला नाही. काही चाहत्यांनी मग स्वतःच तो मिसळून आवृत्त्या तयार केल्या आहेत. त्यांपैकी एक मी ऐकली. ती भरीव आहे, समतोल आहे, कानाला सुखावणारी आहे. दुसऱ्यांदा ती लावली नाही.